लाँचर रुसलाय: ऑल्ट + स्पेस चालेना, भाडेकऱ्यांची यादी सापडेना (विंडोज ११)

नौपाडा_नोंदवही | शनिवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आमचं हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहायचं छोटं ऑफिस आहे. तीन माणसं, दोन कॉम्प्युटर, अठ्ठावीस सोसायट्या. ३० सप्टेंबरच्या आत सगळ्यांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात, त्यामुळे सध्या प्रत्येक सेक्रेटरीला अहवाल "आजच्या आज" हवाय.

वर्षभर मी एक लाँचर वापरतेय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ऑल्ट + स्पेस दाबलं की स्क्रीनच्या मधोमध एक पट्टी येते, दोन-तीन अक्षरं टाइप केली की फाइल, प्रोग्रॅम, कॅल्क्युलेटर, काय हवं ते हजर. माउसला हात लावायला नको. नाव मुद्दाम देत नाही, मागे एका ॲपचं नाव घेतलं तर पन्नास प्रतिसाद "ते वापरताच कशाला" यावरच खर्ची पडले.

काल संध्याकाळी पाऊस आला, लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, फक्त पिवळा दिवा लावून बसतो तो. लाइट आल्यापासून लाँचर पार बिघडलाय. ऑल्ट + स्पेसला ढिम्म. खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवर क्लिक केलं तर पट्टी येते, म्हणजे जिवंत आहे. मग कॅल्क्युलेटरसाठी इंग्रजीत सी-ए-एल-सी टाइप केलं, तर पट्टीत उमटलं "मोतम". मोतम! आणि सगळ्यात वाईट म्हणजे "भाडेकऱ्यांची यादी" शोधली तर "काही सापडले नाही". फाइल डी ड्राइव्हवर आहे, डोळ्यांनी दिसतेय, उघडतेय. ती यादी नसली तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (घर भाड्याने दिलेल्यांना लागणारा आकार) कुणाला लावायचे तेच कळत नाही.

काढून पुन्हा टाकला, फरक शून्य. लाइट गेल्यामुळे काही करप्ट झालं असेल का?

कोपरीकर_काका | १०:५२

लाइट गेली की आमच्याकडे फ्रीजसुद्धा दोन दिवस रुसतो. तुमचा लाँचर तर नाजूक. आधी यूपीएसची बॅटरी बदला.

घणसोली_गिगाबाइट | ११:०५

इंडेक्स, म्हणजे शोधासाठी विंडोज ठेवतं ती फायलींची सूची, करप्ट. सेटिंग्जमध्ये सर्चिंग विंडोज, तिथे ॲडव्हान्स्ड, तिथे रीबिल्ड. शंभर टक्के.

ऐरोलीचा_आयटीवाला | ११:३०

थांबा हो, एकदम रीबिल्ड नको. ताई, तुम्ही तीन दुखणी एका केसपेपरवर लिहून आणली आहेत. लाइट गेली हे तिन्हींचं कारण असेलच असं नाही.

आधी ऑल्ट + स्पेस. एक कसोटी करा. लाँचर पूर्ण बंद करा, म्हणजे घड्याळाजवळच्या आयकॉनवर राइट क्लिक करून एक्झिट. आता नोटपॅड उघडून ऑल्ट + स्पेस दाबा. विंडोजमध्ये या जोडीचं मूळ काम खिडकीचा छोटा मेनू उघडणं: रीस्टोअर, मूव्ह, साइझ, मिनिमाइझ, क्लोज. तो मेनू डाव्या कोपऱ्यात आला तर कळजोडी मोकळी आहे. नाही आला, तर ती दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवलीय.

नौपाडा_नोंदवही | १२:१०

मेनू नाही आला! त्याऐवजी एक चॅटची खिडकी उघडली. कृत्रिम बुद्धीवाली. ही आमच्या नव्या मुलाने गणपतीच्या आधी "पत्रं लिहायला बरी पडते" म्हणून टाकली होती. पण तेव्हापासून कालपर्यंत लाँचर व्यवस्थित चालत होता की. मग आजच का?

ऐरोलीचा_आयटीवाला | १२:२५

कॉम्प्युटर शेवटचा रीस्टार्ट कधी केला होता?

नौपाडा_नोंदवही | १२:२७

करतच नाही. रात्री झाकण... म्हणजे डेस्कटॉप आहे, स्लीपला टाकते. सगळ्या फायली उघड्याच राहिलेल्या बऱ्या.

ऐरोलीचा_आयटीवाला | १२:४८

मग उलगडा झाला. विंडोजमध्ये अशी कळजोडी पहिला मागेल त्याची. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजकडे नोंद करतो, "ऑल्ट + स्पेस दाबलं की मला सांग". तीच जोडी दुसऱ्याने मागितली तर त्याला नकार मिळतो. बरेच प्रोग्रॅम हा नकार गिळून गप्प बसतात, आपल्याला काही कळत नाही.

तुमचा लाँचर कित्येक आठवडे आधीपासून चालू होता, म्हणजे रूमाल टाकून खिडकीची सीट धरलेली. चॅटवालं नंतर आलं, त्याला जागा मिळाली नाही, ते उभं राहिलं. काल लाइट गेली, सगळेच उतरले. लाइट आल्यावर लॉगिन करताना दोघं पुन्हा धावत चढले आणि या वेळी चॅटवाल्याने आधी गाठलं. लाइटने काहीही करप्ट केलेलं नाही, तिने फक्त चढायचा क्रम बदलला. म्हणूनच काढून पुन्हा टाकूनही उपयोग झाला नाही, सीट तर आधीच गेली होती.

उपाय दोन. चॅटवाल्याच्या सेटिंगमध्ये त्याची कळजोडी काढा किंवा बदला. नाहीतर टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्समध्ये जाऊन तो आपोआप सुरू होणं बंद करा. मग दोन्ही बंद करून आधी लाँचर सुरू करा.

वाशी_ते_ठाणे | १३:०२

किंवा लाँचरची जोडी कंट्रोल + स्पेस करून टाका. मी तेच केलंय, भांडणच नको.

नौपाडा_नोंदवही | १३:०६

अहो एक्सेलमध्ये कंट्रोल + स्पेसने अख्खा कॉलम सिलेक्ट होतो. दिवसातून शंभरदा लागतं ते. माझे हात छाटाल तुम्ही.

वाशी_ते_ठाणे | १३:०८

मी एक्सेल उघडतच नाही. बायको उघडते.

ऐरोलीचा_आयटीवाला | १३:१५

विंडोज + स्पेसही नको, त्याने कीबोर्डची भाषा बदलते. डाव्या ऑल्ट + शिफ्टनेही पुष्कळांच्या मशीनवर बदलते, म्हणून घाईत ऑल्ट + स्पेस दाबताना बोट शिफ्टला लागलं की भाषा पलटते. पॉवरटॉईज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट साधनसंचातला कमांड पॅलेट नावाचा लाँचर मुळातच विंडोज + ऑल्ट + स्पेसवर येतो. तीन बोटं लागतात, पण एक्सेलशी त्याचं भांडण नाही.

तुमचं "मोतम" याच भाषाबदलाचं लेकरू. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू होता. त्यात सीच्या कळीवर म, ए या कळीवर ओकाराची मात्रा, एलच्या कळीवर त, मग पुन्हा सी म्हणजे म. लाँचर बिचारा "मोतम" नावाचा प्रोग्रॅम शोधत बसला. काही लाँचरमध्ये "पट्टी उघडताना नेहमी इंग्रजीत उघड" असा पर्याय असतो, बघा. तो नसेल तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची सोय आहे. वर्डमध्ये मराठी, बाकीकडे इंग्रजी राहतं.

कोपरीकर_काका | १३:४०

मोतम हे नाव छान आहे. नातवासाठी सुचवतो.

नौपाडा_नोंदवही | १६:२०

ऑल्ट + स्पेस परत आलं! चॅटवाल्याची जोडी काढली. मुलगा जरा फुगलाय, पण आयकॉनवर क्लिक करायला त्याला कुणी अडवलं नाहीये. मोतमही गेलं, लाँचरमध्ये इंग्रजीचा पर्याय होता, टिक नव्हती.

मधल्या वेळात घणसोलीकरांचं ऐकून इंडेक्स रीबिल्डही केला. तीन तास मशीन धापा टाकत होतं. भाडेकऱ्यांची यादी अजूनही सापडत नाही.

आणि एक नवीन. लाँचरमध्ये मी छोटे मजकूर साठवून ठेवलेत: सोसायटीचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. तीन अक्षरं टाइप करून एंटर मारलं की मजकूर जिथे कर्सर असेल तिथे पडतो. वर्डमध्ये पडतो, एक्सेलमध्ये पडतो, आजपासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडत नाही. पट्टी येते, एंटर मारते, पट्टी जाते, रकाना कोरा.

घणसोली_गिगाबाइट | १६:३१

इंडेक्सबद्दल सॉरी. पण हिशेबाचं सॉफ्टवेअरच बकवास असणार.

धागापाल | १६:४०

कुठल्याही सॉफ्टवेअरच्या नावाने शिमगा नको. मुद्द्यावर या.

ऐरोलीचा_आयटीवाला | १७:१०

ताई, लाइट आल्यावर ते हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडताना काही अडचण आली होती का? कुणी हात लावला त्याला?

नौपाडा_नोंदवही | १७:२२

हो. डेटा उघडत नव्हता, तर त्यांच्या माणसाने फोनवरून सांगून कसलीतरी टिक करायला लावली. तेव्हापासून उघडताना दर वेळी "तुम्ही या ॲपला बदल करू देणार का" असं विचारतं.

ऐरोलीचा_आयटीवाला | १७:४५

ती "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ची टिक, म्हणजे त्या प्रोग्रॅमला कॉम्प्युटरवरचे वरचे हक्क. तिथेच घोडं पेंड खातंय.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, एक नियम आहे: साधा प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत अक्षरं घुसवू शकत नाही. नाहीतर कुठलंही फुटकळ ॲप ॲडमिनच्या खिडकीत हवं ते टाइप करून कॉम्प्युटर ताब्यात घेईल. तुमचा लाँचर साधा, समोरचं सॉफ्टवेअर ॲडमिन, म्हणून मजकूर वाटेतच गळतो, आणि कुणी काही सांगत नाही. एक्सप्लोररमधून एखादी फाइल ओढून त्या सॉफ्टवेअरवर टाकून बघा, तीही पडणार नाही. तोच नियम.

खात्री करायची तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून "एलिव्हेटेड" हा कॉलम लावा. हिशेबवाल्यापुढे येस दिसेल, लाँचरपुढे नो.

आता कुणीतरी सांगेल की लाँचरही ॲडमिन करून टाका. चालेल, मजकूर पडेल. पण मग लाँचरमधून उघडलेली प्रत्येक गोष्ट ॲडमिन म्हणून उघडायची शक्यता, अगदी व्हॉट्सॲपवरून आलेली फाइलसुद्धा. मी करणार नाही. त्यापेक्षा ती टिक काढा. डेटा उघडत नसेल तर डेटाच्या फोल्डरला तुमच्या युजरचे लिहिण्याचे हक्क द्या, बहुधा मूळ अडचण तीच असते. पण हे त्यांच्या माणसाला विचारून, बॅकअप घेऊन. आज नको, सोमवारी.

ऐरोलीहून निघतोय. ट्रान्सहार्बर लोकलला जागा मिळाली तर यादीचं बघतो.

वाशी_ते_ठाणे | १८:०५

या वेळेला? जागा? हलकेच घ्या, पण यादी आज सापडत नाही.

ऐरोलीचा_आयटीवाला | १९:२०

उभ्यानेच लिहितोय. ताई, "भाडे" एवढंच शोधा. आणि डी ड्राइव्हवरच्या दुसऱ्या मराठी फायली सापडतात का?

नौपाडा_नोंदवही | १९:३४

"भाडे"ने सापडली!! पण पूर्ण "भाडेकऱ्यांची" टाइप केलं की गायब. "थकबाकी" सापडते, "हजेरी" सापडते, "इतिवृत्त" सापडतं. "कर्मचाऱ्यांचा पगार" नाही, पण गंमत म्हणजे मागच्या वर्षीचा "कर्मचाऱ्यांचा पगार" सापडतो, यंदाचा नाही. "दुसऱ्या मजल्याची गळती" नाही. मला काहीतरी दिसतंय पण कळत नाहीये.

ऐरोलीचा_आयटीवाला | १९:४१

मलाही दिसतंय आणि कळत नाहीये. एव्हरीथिंग नावाचा फायली शोधायचा प्रोग्रॅम टाकून तिथे शोधून बघा. ते विंडोजच्या इंडेक्सवर अवलंबून नाही, एनटीएफएस ड्राइव्हची फायलींची मूळ नोंदवहीच वाचतं.

नौपाडा_नोंदवही | २०:०२

टाकलं. तिथेही तेच. "भाडे"ने येते, पूर्ण शब्दाने नाही.

बेलापूरची_टंकलेखिका | २०:३०

मी तीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टंकलेखन केलं. लाँचर म्हणजे काय ते मला आज कळलं, पण तुमच्या न सापडणाऱ्या सगळ्या शब्दांत "ऱ्या" आहे.

तुमच्याकडे मराठी टाइप करणारी दोन माणसं आहेत का, दोन वेगळ्या पद्धतींनी?

नौपाडा_नोंदवही | २०:३८

अंगावर काटा आला. हो! आधीच्या ताई इनस्क्रिप्टने टाइप करायच्या, मीही तशीच. त्या मे महिन्यात सोडून गेल्या. नवा मुलगा इंग्रजी अक्षरांतून मराठी करतो, आणि पुष्कळदा फोनवर लिहून पाठवतो.

बेलापूरची_टंकलेखिका | २१:१५

मग ऐका. कऱ्हाड, दऱ्या, तऱ्हा यातला जो आडव्या शेपटीचा अर्धा र आहे, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर ज्या ठरावीक क्रमांकाने साठवतो त्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जेची कळ, मग डी, मग य. दोन, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण, जिला रुंदीच नसते. युनिकोडच्या नियमांत पहिला प्रकार मुख्य आहे, आणि दुसरा १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून चालू ठेवलाय. दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात:

ऱ्य
र्‍य

माणसाच्या डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन. तुम्ही पहिल्या प्रकाराने शोधता, मुलाने फाइलचं नाव दुसऱ्याने लिहिलंय. एक्सेलमध्ये एका खान्यात तुम्ही "भाडेकऱ्यांची" टाइप करा, शेजारच्या खान्यात त्याच्या फाइलच्या नावातून तो शब्द कॉपी करून चिकटवा, आणि दोन्हींना लेन हे अक्षरं-खुणा मोजणारं सूत्र लावा.

नौपाडा_नोंदवही | २१:३१

माझा १२. त्याचा १३.

कोपरीकर_काका | २१:३३

त्या तेराव्याने घर बुडवलं.

ऐरोलीचा_आयटीवाला | २१:५०

काकू, साष्टांग नमस्कार. बावीस वर्षं सपोर्टमध्ये आहे, हे कधी डोक्यात आलं नाही. आम्ही फायलींची नावं रोमनमध्ये ठेवतो आणि स्वतःला शहाणे समजतो.

ताई, नावं बदलायची तर पॉवरटॉईजमधलं पॉवररीनेम वापरा, त्याने पुष्कळ फायलींची नावं एकदम बदलतात. "शोधा"मध्ये मुलाच्या फाइलमधला र्‍य कॉपी करून चिकटवा, "बदला"मध्ये तुमचा ऱ्य. उजवीकडे आधी-नंतर दोन्ही नावं दिसतात. ती सारखीच दिसणार, घाबरू नका. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत काढा. आणि एका एक्सेलमधून दुसऱ्या एक्सेलला जोडलेली सूत्रं असतील तर नाव बदलल्यावर ती तुटतील. अशा फायली वगळा किंवा दोन्ही उघड्या ठेवून "सेव्ह ॲज" करा.

बेलापूरची_टंकलेखिका | २२:०५

काकू नाही, ताई म्हणा. आणि "ऱ्ह"ही विसरू नका, गाऱ्हाण्याची एखादी फाइल असेलच सोसायटीत.

नौपाडा_नोंदवही | २२:०७

एखादी? "गाऱ्हाणी" नावाचा फोल्डर आहे, तीनशे फायली.

वाशी_ते_ठाणे | २२:१२

अवांतर: आमच्या सोसायटीतल्या निम्म्या माझ्याच.

नौपाडा_नोंदवही | रविवार, दुपारी १२:५०

अपडेट. ऑफिस बंद, पण आले. प्रत काढली, पॉवररीनेम चालवलं. एकशे बेचाळीस नावं बदलली. काकूंनी, सॉरी, टंकलेखिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे ऱ्य आणि ऱ्ह दोन्ही. थकबाकीच्या चार फायली एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्या वगळल्या.

मुलालाही फोन केला. त्याला वाटलं ओरडणार आहे. त्याला म्हटलं, तू काहीच चुकीचं लिहिलेलं नाहीस, फक्त आपण दोघं दोन वेगळे र लिहितो. तो म्हणाला, "मॅडम, मला तर एकच र येतो." आता ऑफिसात ठरलंय की फाइलच्या नावाच्या सुरुवातीला सोसायटीचा आमचा आकडी कोड. मग कुणी कसाही र लिहो, कोड टाकला की पट्टीत ती सोसायटी येतेच.

एक शिल्लक आहे. "ॲडव्हान्स भरणा" नावाची एक फाइल अजून सापडत नाही, आणि तिच्यात ऱ्या नाही.

बेलापूरची_टंकलेखिका | १३:२०

त्याचाही जुळा भाऊ आहे. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक साध्या अ वर चंद्र ठेवून अॅ लिहायचे, आणि पुष्कळ जण अजूनही तसंच लिहितात. दिसायला एकच. लेन लावून बघा.

नौपाडा_नोंदवही | १३:२६

९ आणि १०. हे घ्या. पुन्हा पॉवररीनेम.

कोपरीकर_काका | १३:३०

लेकी, यूपीएसची बॅटरी बदललीस का?

नौपाडा_नोंदवही | १३:३१

उद्या, काका. आज रविवार, दुकान बंद आहे.